शेजाऱ्याची शीव, गावाचे गायरान



गेल्या हनुक्काच्या दिवसांत मी सिंगापूरला माझ्या भाच्याकडे तीन आठवडे राहून आले. माझ्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा. आम्ही अश्दोदला आलो, ती ठाण्यालाच राहिली. पोरगा माटुंग्याला शिकून केमिकल इंजिनिअर झाला आणि पोटापाण्यासाठी आणखी पूर्वेला गेला. नऊ वर्षे तो जुरोंग आयलंड नावाच्या बेटावर एका कारखान्यात नोकरीला होता.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. तेव्हा पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हटले, "चल, तुझा कारखाना दाखव." तो म्हणाला, "मावशी, तिथे पास असल्याशिवाय पाखरूसुद्धा जात नाही." मग एका संध्याकाळी त्याने मला पाण्याच्या अलीकडच्या काठावर नेले. पलीकडे उंच धुराडी, त्यांच्या टोकावर जळणाऱ्या ज्योती आणि हजारो दिवे. मी विचारले, "यातले तुझे काय?" तो हसला, पण काही बोलला नाही. नऊ वर्षांत त्याने घरी बायकोलासुद्धा सांगितले नाही की तो नेमके काय करतो. आमच्या घराण्यात कोणी कोणापासून काही लपवीत नाही, म्हणून मला ते जरा लागले.

तिसऱ्या आठवड्यात तो एकदा रिकामी पिशवी घेऊन घरी आला. त्याने राजीनामा दिला होता. त्याच बेटावर, दोन रस्ते पलीकडे, दुसऱ्या कंपनीत तो जाणार होता. निघताना त्याच्या अकरा वह्या जुन्या कंपनीने ठेवून घेतल्या होत्या. मास्तरीण मी, मला राग आला. "अक्षर तुझे, जागरणे तुझी, आणि वह्या त्यांच्या?" तो म्हणाला, "वह्या त्यांच्या, डोके माझे. पण दोहोंमधली शीव कुठे आहे, ते मला कोणी आखून दिलेले नाही." मग थोडे थांबून त्याने खरी गोष्ट सांगितली. नव्या जागच्या साहेबाने चहा पिता पिता सहज विचारले होते, "तुमच्याकडे त्या भांड्यात तापमान किती ठेवतात हो?" हा गप्प राहिला. साहेबही हसून दुसरे बोलू लागला. पण प्रश्न तिथेच राहिला. "तू काय केलं असतंस, मावशी?" त्याने मला विचारले.

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी मी जे वाचले, त्यातले काही येथे मांडते. बौद्धिक संपदा हा शब्द हल्ली वर्तमानपत्रांत रोज येतो. पण तो वकिलांचा आहे असे समजून आपण पान उलटतो. तो आपलाही आहे, हे मला त्या बेटाने शिकविले.

प्रथम बेटाची हकीकत. सिंगापूरच्या नैऋत्येला समुद्रात पूर्वी सात लहान बेटे होती: आयेर चावान, आयेर मेरबाउ, मेरलिमाउ, पेसेक, पेसेक केचिल, साक्रा आणि सेराया. मलाय भाषेत केचिल म्हणजे लहान. तेव्हा एक थोरला पेसेक आणि एक धाकटा. या बेटांवर कोळ्यांची वस्ती होती. पुढे त्यांतील काहींवर तेल शुद्ध करण्याचे कारखाने आले. १९८४ साली आयेर मेरबाउ बेटावर जपानच्या सुमितोमो कंपनीच्या पुढाकाराने सिंगापूरचा पहिला मोठा पेट्रोकेमिकल कारखाना सुरू झाला. त्यानंतर सरकारने ठरविले की सातही बेटांमधला समुद्र भरून काढायचा आणि एकच मोठे बेट करायचे. भराव टाकण्याचे काम १९९५ साली सुरू झाले. १९९९ मध्ये मुख्य भूमीशी जोडणारा रस्ता झाला. १४ ऑक्टोबर २००० रोजी पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी जुरोंग आयलंडचे रीतसर उद्घाटन केले. ठरल्यापेक्षा वीस वर्षे आधी, २००९ साली, भराव पुरा झाला. सात बेटांची मिळून दहा चौरस किलोमीटरसुद्धा जमीन नव्हती. आता ती तिसाहून अधिक आहे. २००१ साली अमेरिकेवर हल्ला झाला, त्यानंतर लगेच हे बेट संरक्षित क्षेत्र ठरले आणि पासाशिवाय प्रवेश बंद झाला.

सात बेटे जोडून एक, हे वाचताना आपल्याला मुंबई आठवल्यावाचून राहत नाही. आणि नवगावच्या किनाऱ्याला लागलेली आपली सात जोडपीही आठवतात. त्यांनी कोकणात पोटासाठी कोणता धंदा धरला? तेलाचा. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक आपल्याला शनवार तेली म्हणू लागले. तेव्हा तेलाच्या बेटाकडे पाहताना मला अगदीच परक्या ठिकाणी आल्यासारखे वाटले नाही. अलिबागच्या आपल्या सिनेगॉगचे नाव मागेन आबोथ. सिंगापूरच्या वॉटरलू रस्त्यावर १८७८ साली बगदादी यहुद्यांनी बांधलेल्या सिनेगॉगचे नावही तेच. शब्बाथला मी तिथे गेले तेव्हा दारावर ते नाव वाचून क्षणभर वाटले, बाहेर पडले की समोर इस्राएल आळी दिसेल.

आता मुद्द्याकडे येते. सिंगापूरजवळ स्वतःचे खनिज तेल थेंबभरही नाही. जागाही नाही, ती समुद्रातून काढावी लागली. तेल बाहेरून आले आणि तेलाचे काय करावे याचे ज्ञानही बाहेरूनच आले. एकाच बेटावर जपानी, अमेरिकन, युरोपीय अशा सुमारे शंभर कंपन्या शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्यापैकी कित्येक एकमेकांच्या प्रतिस्पर्धी आहेत. तरीही त्या एकमेकांवर अवलंबून आहेत. एका कारखान्यात तयार झालेला वायू नळातून शेजारच्या कारखान्यात जातो आणि तिथे तो कच्चा माल होतो. वाफ, पाणी, वायू यांची सोय सामाईक आहे. माझा भाचा म्हणाला त्याप्रमाणे, माल कुंपण ओलांडून जातो, युक्ती ओलांडत नाही. माल वजन करून विकता येतो. युक्ती एकदा पलीकडे गेली की तिचे वजन होत नाही आणि ती परत मागताही येत नाही.

म्हणून जो देश समुद्रात भराव घालीत होता, त्याला त्याच वेळी आणखी एक भराव घालावा लागला, तो कायद्याचा. सिंगापूरमध्ये पूर्वी स्वतःची पेटंट पद्धत नव्हती. १९३७ च्या कायद्याप्रमाणे आधी इंग्लंडमध्ये पेटंट मिळवायचे आणि मग ते सिंगापूरला येऊन नोंदवायचे. ब्रिटिश गेले, देश स्वतंत्र झाला, तरी तीस वर्षे हेच चालले. १९९४ साली नवा कायदा झाला आणि २३ फेब्रुवारी १९९५ पासून तो अमलात आला. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. पेटंट, व्यापारचिन्ह, लेखकाचा हक्क आणि धंद्यातील गुपित या सर्वांचे किमान नियम तिच्या सभासदांना लागू झाले. बेटाचा भराव आणि पेटंटचा कायदा हे दोन्ही १९९५ सालचे. दोहोंचा हेतू एकच: परक्याने आपली चीजवस्तू निर्धास्तपणे आणून ठेवावी. २००१ मध्ये या कामासाठी सिंगापूरने स्वतंत्र कार्यालय काढले. पुढच्याच वर्षी पेसेक रस्त्यावर, म्हणजे बेटावरच, सरकारी रासायनिक संशोधनसंस्था सुरू झाली. जो दुसऱ्याचे ज्ञान राखतो त्याला पुढे स्वतःचेही निर्माण करावेसे वाटते, असा हा क्रम आहे.

शाळेत मुलांना समजावीत असे तसे येथे थोडे समजावून सांगते, कारण सुशिक्षित माणसेसुद्धा यात गोंधळ करतात. पेटंट म्हणजे गुपित नव्हे. पेटंट गुपिताच्या उलट आहे. शोध लावणारा सरकारपुढे आपली युक्ती लेखी उघड करतो. ती छापली जाते, कोणीही वाचू शकतो. बदल्यात सरकार म्हणते, अर्ज केल्यापासून वीस वर्षे तुझ्या परवानगीशिवाय ही युक्ती कोणी वापरणार नाही. वीस वर्षे झाली की ती सर्वांची. धंद्यातील गुपिताचे तसे नाही. ते कोठेही नोंदवीत नाहीत. जोपर्यंत तोंड बंद तोपर्यंत ते टिकते, शंभर वर्षेसुद्धा. पण दुसऱ्या कोणी स्वतःच्या डोक्याने प्रामाणिकपणे तेच शोधून काढले, तर तक्रार चालत नाही. कॉपीराइट शब्दरचनेला, चित्राला, संगीताला मिळतो, कल्पनेला नाही. आणि व्यापारचिन्ह म्हणजे मालावरची खूण, गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये म्हणून राखलेली.

पेटंटचे भांडण किती लांबते याचे एक उदाहरण त्या बेटावरच बनणाऱ्या एका मालाचे आहे. पॉलिप्रॉपिलीन हे नाव अवघड, पण वस्तू आपल्या घरात जागोजागी आहे: डबा, दोरी, धान्याची विणलेली पोती. १९५१ साली अमेरिकेत फिलिप्स पेट्रोलियम कंपनीचे हॉगन आणि बँक्स हे दोन रसायनज्ञ दुसरेच काही करायला गेले आणि त्यांच्या हाती हे घट्ट प्लास्टिक आले. जवळपास त्याच सुमारास जर्मनीत झीगलर आणि इटलीत नात्ता हे त्याच वाटेने चालले होते. त्या दोघांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण अमेरिकेत पहिला कोण हा वाद कित्येक वर्षे चालला. शेवटी १९८३ साली, म्हणजे शोधानंतर बत्तीस वर्षांनी, पेटंट हॉगन आणि बँक्स यांच्या नावे निघाले. तोवर साऱ्या जगात या प्लास्टिकचे डबे वापरून झिजले होते. प्रामाणिक माणसेसुद्धा एकाच वेळी एकाच जागी पोहोचू शकतात. म्हणूनच शीव कागदावर लागते आणि तिच्यावर तारीख लागते.

येथे वाचक विचारतील की, मग भारताने काय केले? भारताने वेगळी वाट धरली, तीही विचारपूर्वक. १९११ चा इंग्रजी कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू होता आणि परदेशी कंपन्यांची औषधे महाग होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली अहवाल दिला. त्याच्या आधारे १९७० चा कायदा झाला आणि १९७२ पासून तो लागू झाला. त्यात अन्न, औषध आणि रासायनिक पदार्थ यांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट मिळत नसे, फक्त तो करण्याच्या रीतीवर मिळत असे. म्हणजे वाड्याचे दार तुझे, पण मी वेगळे दार पाडून आत आलो तर हरकत नाही. माटुंग्याच्या आणि पुण्याच्या रसायनज्ञांची एक पिढी अशी नवी दारे पाडण्यात तरबेज झाली आणि गरिबाला औषध परवडू लागले. १ जानेवारी २००५ पासून भारतानेही पदार्थावर पेटंट देण्यास सुरुवात केली. सिंगापूरला परक्याचे ज्ञान बोलवायचे होते, भारताला आपल्या रोग्याला गोळी द्यायची होती. दोघांनी आपापल्या गरजेप्रमाणे शीव आखली. म्हणजे ही शीव काही सिनाय पर्वतावरून आलेली नाही. ती माणसे आखतात आणि माणसे बदलतात.

पण एक शीव अशी आहे की ती कोणी आखताच कामा नये. तिची गोष्ट पुन्हा त्याच १९९५ सालची आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिले. ज्यांना दिले ते दोघेही भारतीय वंशाचे संशोधक, मिसिसिपी राज्यातील विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातले. वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या गुडघ्यावर आजीने हळद दाबली नाही? त्या वेळी भारतातील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल गावचे म्हणून माशेलकर, आपल्या आडनावांसारखेच. लहानपणी वडील वारले, आईने मुंबईत कष्ट करून शिकविले, मराठी शाळेतून ते माटुंग्याला गेले. त्यांनी १९९६ साली या पेटंटला आव्हान दिले.

आता गंमत पाहा. आजीची साक्ष चालत नव्हती. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे परदेशात एखादी गोष्ट कोट्यवधी लोक करीत असले तरी ते पुरेसे नव्हते. ती छापील किंवा लेखी स्वरूपात आधी आलेली दाखवावी लागे. म्हणून परिषदेने बत्तीस लेखी पुरावे जमविले. त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक लेखही होता. १९९७ साली पेटंट कार्यालयाने सगळे दावे फेटाळले. पुढे भारताने पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय भांडारच तयार करायला घेतले, म्हणजे परदेशी तपासनिसाला उघडून पाहता येईल. गावाच्या गायरानाला कोणी एकट्याने कुंपण घालू नये, यासाठी गायरानाचाही सातबारा लागतो, असा याचा अर्थ.

हे सर्व आधुनिक झाले. पण आपल्या लोकांकडे याविषयी काही म्हणणे आहे का? आहे, आणि ते पेटंट कार्यालयांच्या कितीतरी आधीचे आहे. देवारीमच्या १९ व्या अध्यायात शेजाऱ्याची जुनी शीव सरकवू नये अशी आज्ञा आहे. ती शेताची शीव. पण आपल्या हाखामांनी ती शेतातून उचलून बाजारात आणली. तलमुदच्या बाबा बाथ्रा भागात एक चर्चा आहे: एका कोळ्याने माशावर डोळा ठेवून आमिष टाकले असेल, तर दुसऱ्याने आपले जाळे तेथून दूर ठेवावे. यावरूनच दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊ नये या तत्त्वाला हसागत ग्वुल, म्हणजे शीव सरकवणे, हे नाव मिळाले.

छपाई आल्यावर हेच तत्त्व पुस्तकाला लागले. १५१८ साली रोममध्ये एलिया लेविता यांच्या हिब्रू व्याकरणाच्या पुस्तकाला हाखामांनी संमतिपत्र दिले आणि दहा वर्षे दुसऱ्या कोणी ते छापू नये अशी बंदी घातली. इंग्लंडमध्ये लेखकाच्या हक्काचा पहिला कायदा झाला तो १७१० साली, म्हणजे त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. आणि १५५० साली व्हेनिसला मोठा तंटा झाला. पादुआचे हाखाम मेईर यांनी राम्बामच्या मिश्ने तोराची आवृत्ती ब्रागादिन यांच्या छापखान्यातून काढली. शेजारच्या जुस्तिनियानी छापखान्याने लगेच तोच ग्रंथ स्वस्तात छापला. पोलंडमध्ये क्राकोचे तरुण हाखाम मोशे इस्सर्लेस यांनी निकाल दिला की, मेईर यांच्या प्रती संपेपर्यंत कोणी दुसरी आवृत्ती विकत घेऊ नये. निकाल न्याय्य होता. पण दोन्ही छापखाने यहुद्यांचे नव्हते. भांडण रोमपर्यंत पोहोचले, एकमेकांविरुद्ध चुगल्या झाल्या, हिब्रू पुस्तकांवर पोपच्या दरबाराची नजर गेली आणि १५५३ साली रोममध्ये तलमुदच्या प्रती जाळण्यात आल्या. भांडण दोघांचे, जळाले मात्र सगळ्यांचे. शीव राखताना शेत पेटू नये, हा धडा आमच्या इतिहासाने फार महाग किमतीला घेतला आहे.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे वळते. कारखान्यातून बाहेर पडलेल्या माणसाच्या डोक्यातले काय त्याचे आणि काय मालकाचे, यावर इंग्लंडमध्ये १९८६ साली एक निकाल लागला. ताज्या कोंबड्या गाडीतून विकणाऱ्या एका कंपनीचा विक्री व्यवस्थापक बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा तोच धंदा काढला. गिऱ्हाइके कोण, गाड्या कोणत्या वाटेने जातात, भाव काय, हे सारे त्याला ठाऊक होते. कंपनी कोर्टात गेली आणि हरली. न्यायाधीशांचे म्हणणे असे की, काम करता करता जे कसब आणि जी जाण माणसाच्या अंगी मुरते ती त्याची. ती नोकरीबरोबर परत करता येत नाही. पण खरे गुपित, जसे रासायनिक सूत्र किंवा माल बनविण्याची गुप्त रीत, ते नोकरी सुटल्यावरही मालकाचेच राहते. सिंगापूरच्या न्यायालयांना इंग्लंडची ही परंपरा वारशाने मिळाली आहे. तेथील वरिष्ठ न्यायालयाने २०२० साली, पगारपत्रके करणाऱ्या एका कंपनीच्या खटल्यात, आणखी एक पाऊल पुढे टाकले. विश्वासाने सोपविलेली माहिती कोणी घेऊन गेला, तर आपला विवेक स्वच्छ होता हे घेणाऱ्याने सिद्ध करावे, असे ते म्हणाले. विवेक हा शब्द कायद्याच्या तोंडी ऐकून मला फार बरे वाटले.

तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री मी भाच्याला म्हटले, "तुझा हात तुझा, तुझा डोळा तुझा. भांडे बिघडले तर कुठे पाहावे हे तुला नऊ वर्षांनी शिकवलं, ते तू ने. पण त्या भांड्याचे तापमान तुझे नाही. साहेबाने पुन्हा विचारले तर सांग, जे पेटंटात छापले आहे ते आपण दोघे मिळून वाचू, जे छापलेले नाही ते मला माहीत नाही असे समजा." तो म्हणाला, "आणि साहेब नाराज झाला तर?" मी म्हटले, "तर त्याच्या लक्षात येईल की त्याची गुपितेही तुझ्यापाशी सुरक्षित आहेत." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरोबर आहे. पण सोपं नाही, मावशी." सोपे नाहीच. घर भाड्याचे, मुलगी शाळेत, आणि परदेशात राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. उपदेश करून विमानात बसणाऱ्या मावशीला काय जाते?

विमानात मला आजोबांचा घाणा आठवला. रेवदंड्याला आमच्या परसात तो होता. बैलाच्या डोळ्यांवर झापडे, लाट करकरत फिरे, आणि पेंडीचा वास दिवसभर घरात भरून राही. घाणा सर्वांचा सारखाच. पण तिळावर पाणी केव्हा आणि किती शिंपडायचे हे आजोबांच्या हाताला कळे. ते त्यांनी कोणाला सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आजोबा गेले, काका मुंबईला गिरणीत लागले, आणि ती जाण त्यांच्याबरोबर मातीत गेली. गुपित राखण्यात हा धोका आहे. पेटंटवाल्यांनी युक्ती लिहून देण्याचा आग्रह का धरला, ते तेव्हा मला पटले.

आणि आणखी एक गोष्ट आठवली, ती सांगताना मला लाज वाटते. इकडे आल्यावर काही वर्षांनी मी नव्याने येणाऱ्या आयांसाठी एक लहानशी मराठी-हिब्रू शब्दांची वही केली होती. तिच्या शेवटी आपल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेल्या काही अंगाई आणि लग्नातली गाणी होती. सायक्लोस्टाइल करून ती फुकट वाटली. पुढे एका समारंभात तीच वही नव्या मुखपृष्ठाने, दुसऱ्याच नावाने माझ्या हातात आली. मला रात्रभर झोप नव्हती. पैशाचे काही नव्हते, पण नाव पुसले गेले होते. सांगणाऱ्याचे नाव घेऊन सांगितले तर जगाची सुटका जवळ येते, असे आपल्या पिरके आबोथमध्ये शिकविले आहे. ते मी त्या दिवशी मनातल्या मनात कितीदा तरी घोकले.

सिंगापूरहून परत आल्यावर ती जुनी वही कपाटातून काढली. गाणी पाहिली. माझ्या वहीत तरी कोणाचे नाव होते? ज्या सहा बायकांनी मला ती गाणी म्हणून दाखविली, त्यांच्यापैकी एकीचेही नाव मी लिहिले नव्हते. गाणी जुनी, सर्वांची, गायरानातली, हे खरे. पण गायरानातून मला हात धरून नेणाऱ्या त्या होत्या. माझी शीव कोणी सरकवली म्हणून मी रडले, आणि त्यांचा दगड मीच उचलून टाकला होता.

वाचकहो, जुरोंग बेटावरच्या कंपन्यांपाशी वकील आहेत, पास तपासणारे पहारेकरी आहेत. आपल्यापाशी काय आहे? मलिद्याच्या रीती आहेत, कीर्तने आहेत, अंगाई आहेत, आजोबांच्या हाताच्या खुबी आहेत. त्यांवर कोणी पेटंट घेईल अशी मला फारशी भीती नाही. मला भीती आहे ती त्या न लिहिता नाहीशा होण्याची, किंवा दुसऱ्याच नावाने छापल्या जाण्याची. म्हणून घरात जे असेल ते लिहून ठेवा. कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या साली, हे खाली लिहा. दुसऱ्याचे छापायचे झाले तर आधी विचारा. आणि जे सर्वांचे आहे त्यावर स्वतःचे एकट्याचे नाव घालू नका.

मी सुरुवात केली आहे. वहीच्या शेवटच्या पानावर नावे लिहायला बसले. सहापैकी चौघींची आठवली. उरलेल्या दोघींपैकी एक बाई पेणच्या होत्या आणि लोदला मुलीकडे राहत. दुसऱ्या बाई नेहमी हिरवे लुगडे नेसत, एवढेच आठवते. वाचकांपैकी कोणाला त्या ओळखू आल्या तर जरूर कळवावे. जागा रिकामी ठेवली आहे.